वैमानिकाची चूक

रविवारी सकाळी जयनगरच्या मराठी मंडळात हॉलिवूडचा शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट दाखवणार होते. विमानातून टपाल नेणाऱ्या एका धाडसी वैमानिकाची गोष्ट. प्रेमाताई लवकर जाऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. सव्वीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत पडलेल्या विमानांचे तुकडे जुळवून अपघातांची कारणं शोधली होती. निवृत्तीनंतर उडणारी विमानं बघायला त्यांना फार आवडे.

कार्यक्रम आशयनं ठरवला होता. पुण्याहून आलेला, सर्जापूर रोडला राहणारा तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर.

"एक फन फॅक्ट सांगतो," तो माइकवर म्हणाला. "शेवटचा क्रॅश खरा आहे. स्टंट करणारा पायलट त्यातच गेला. स्टुडिओनं तो शॉट तसाच ठेवला, वर पोस्टरवर छापलं, 'खरा मृत्यू पाहा'. सो, डोळे मिटू नका!"

लोक हसले. प्रेमाताईंच्या कपाळाला आठी पडली.

तासाभरानं तो प्रसंग आला. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं. कुणी शिट्टी मारली, चार-पाच मोबाइल वर झाले. विमान जमिनीवर आदळलं तशा टाळ्या पडल्या.

"थांबा, स्लो मोशनमध्ये बघू," म्हणत आशयनं प्रसंग मागे नेला.

आता विमान सावकाश फिरत होतं, आणि प्रेमाताईंना सगळं स्पष्ट दिसलं. त्या ताडकन उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी प्रोजेक्टरची वायर उपटली.

"काकू, काय झालं?"

"त्याचं नाव काय?"

"कोणाचं?"

"जो मेला त्याचं!"

"टायटल्समध्ये नाहीये, काकू."

"आणि तू शोधलंस?"

मंडळाचे अध्यक्ष चंद्रकांतराव पुढे आले आणि सवयीनं कानडी शब्द मिसळत म्हणाले, "प्रेमाताई, स्वल्प, जरा शांत व्हा. शंभर वर्षं झाली त्याला."

"मग टाळ्या वाजवायच्या?" प्रेमाताईंनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "शेपटाकडे कुणी बघितलं? त्यानं सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबून धरलंय. अगदी शेवटपर्यंत. अशा वेळी हेच करायचं असतं. पण डाव्या पंखाच्या टोकाला कॅमेऱ्याची पेटी बांधलीय. एका बाजूला एवढं वजन असताना विमान सावरणार कसं? आपण स्टंट नाही बघितला. जगायची धडपड करणारा माणूस बघितला, आणि शिट्ट्या मारल्या."

त्या चप्पल घालून निघून गेल्या.

नऊ दिवसांनी आशय त्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी त्याला आत घेतलं, पण चहा विचारला नाही. त्यानं त्या काळच्या एका अमेरिकी वर्तमानपत्रातलं कात्रण शोधून आणलं होतं. चार ओळींची बातमी. मृताचं नाव वॉल्टर हॅनिगन, वय सव्वीस. खाली स्टुडिओचा खुलासा : 'वैमानिकाची चूक.'

प्रेमाताईंनी कात्रण टेबलावर आपटलं. "मेलेला माणूस उलट बोलत नाही ना, मग त्याच्यावरच ढकलायचं! नोकरीत पण मला असंच लिहून द्या म्हणायचे. एकदाही दिलं नाही मी."

"मग आता लिहा ना, काकू. ज्या संग्रहालयानं हा सिनेमा वेबसाइटवर टाकलाय, त्यांना मी पाठवतो."

त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग चष्मा लावला.

अहवाल तीन पानी झाला. एकेक चित्र थांबवून त्यांनी सुकाणूचा कोन मोजला, पेटीच्या वजनाचा अंदाज बांधला. 'वैमानिकाची कृती अचूक होती. विमान सावरता न येण्याचं संभाव्य कारण : पंखावर बांधलेला कॅमेरा.' आशयनं त्याचं इंग्रजी केलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. संग्रहालयानं सिनेमाच्या माहितीत हॅनिगनचं नाव घातलं होतं आणि खाली अहवाल जोडला होता. आशयनं आनंदानं फोन केला, "काकू, त्यांनी आभार मानलेत!"

"आभार कसले? सव्वीस वर्षांचा होता तो," प्रेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.