राहिलेलं प्रकरण

सूर्य बुडायला पाऊण तास राहिला होता आणि ठमाबाईचा पत्ता नव्हता. मी खाटेवरून दारात, दारातून पुन्हा खाटेवर. फोनवर ऐकायच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण चाळीस मिनिटांचं. शुक्रवारचा दिवा लागला की शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू; मग उद्या संध्याकाळपर्यंत मी फोनला हात लावत नाही. रोह्याच्या आमच्या आळीत शब्बाथ पाळणारी आता मी एकटीच उरलेय, म्हणून तर जास्तच पाळते.

ठमाबाई माझी शेजारीण. उभा जन्म मिठागरात गेला, अक्षरओळख नाही. तीस वर्षं मी तिला पुस्तकं वाचून दाखवली. काचबिंदूने माझी नजर गेली तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली. मग माझ्या मुलाने, सॅमसनने, इस्रायलहून फोन पाठवला, त्यात बोलणारी पुस्तकं. पहिल्याच दिवशी ठमाबाई त्या वाचणाऱ्या बाईवर डाफरली, "अगो, थांब जरा, त्या सासूला शिव्या तरी घालू दे." थांबवायचं बटण मी चाचपडत त्याच दिवशी शिकले.

आता उद्या सकाळी तिचा मुलगा तिला कायमचं आपल्याकडे डोलवीला नेणार होता. आणि पुस्तकातली चंद्रावती घर सोडून गेली होती, ती परत येते का, तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

ठमाबाई आली तेव्हा दिवा लागला होता.

"बोचकी बांधता बांधता उशीर झाला गो. लाव."

"दिवा लागला, ठमा."

"मग कुठं दाबायचा ते सांग. मी दाबते."

"तुला सांगणं म्हणजे मीच लावणं."

"तुझा देव पन आयकंल की," ती म्हणाली. मला राग आला. तिचा नाही, माझाच.

सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. तिने माझा हात धरला.

"येते का गो ती परत?"

ती पुस्तकाचं विचारत नव्हती, एवढं मला कळत होतं.

"येते," मी म्हटलं. "मी पूर्वी वाचलंय. ती येते तेव्हा दार उघडंच असतं."

शब्बाथ उतरल्यावर मी प्रकरण लावलं. चंद्रावती येत नाही. फोनला हात न लावता शब्बाथ पाळला आणि त्याच शब्बाथला धडधडीत खोटं बोलले. दोन दिवस मला एका जागी बसवेना.

मंगळवारी ठमाबाईचा फोन आला.

"सुनेनं तेच पुस्तक लावून दिलं. ती कंपनीच्या बसमधी रोज आयकते. निम्म्या बाया कानात घालूनच बसतात म्हनं. शेवट आयकला मी."

मी खाटेवर टेकले.

"लबाड हायस."

"आहे."

मग ती हळूच म्हणाली, "तुझं दार उघडं हाय ना गो?"

मी उठले. भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि शनिवारपासून लावलेली कडी काढली.

"उघडंच आहे," मी म्हटलं.