बसला आधी वाट

राष्ट्राची उंची त्याच्या चौकात कळते. चाळीस माणसांची बस जिथे एका माणसाच्या मोटारीआधी सुटते, तिथेच न्याय नांदतो. हे वाक्य १९६३ साली, ज्यूंच्या देशात, अश्दोदपासून तासाभरावरच्या एका नव्या गावाच्या कचेरीत, एकमतानं ठरावात लिहिलं गेलं. गावात सिग्नल एक होता. बसही एकच, दिवसातून तीनदा.

ठराव इंजिनियर गिदोनचा. त्यानं चौकात एक पेटी बसवली, पेटीत खटका. बसची वेळ झाली की खटका ओढायचा: बसला हिरवा, आडव्या रस्त्याला लाल. बस पलीकडे जाईपर्यंत सोडायचा नाही. या कामावर जुडा पेझारकरला नेमलं, कारण त्यानं मुंबईत सतरा वर्षं ट्राम चालवली होती. इथे आल्यापासून तो हंगामी झाडूवाला. सहा महिने नीट काढले तर क्विऊत, म्हणजे कायमची नोकरी. पाच महिने सव्वीस दिवस झाले होते. बहुतेकांना याच सुमारास नारळ मिळे.

रविवारी, तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, जेरुसलेमहून एक बडे पाहुणे न्याय पाहायला आले. त्यांची मोटार गिदोननं मुद्दाम आडव्या रस्त्यावर उभी करवली. आठच्या ठोक्याला, दिवसाच्या पहिल्या बससाठी, जुडानं खटका ओढला.

बस येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाहुण्यांच्या मागे संत्र्यांचा ट्रक भोंगा वाजवू लागला. गिदोन धावत आला.

"जुडा, सोड तो खटका!"

"बस गेली नाही, साहेब." तिकडे साहेबालाही नावानं हाक मारतात, जुडाच्या जिभेला ते जमलं नव्हतं.

"मी सांगतोय ना!"

"ठरावातला चौथा नियम आपलाच आहे. बसच्या आधी सोडला तर कामावरून कमी. लेखी द्या, आत्ता सोडतो."

"हे तुमचं मुंबईचं इथे चालायचं नाही!"

"म्हणून तर लेखी मागतोय, साहेब."

तोंडी हुकूम मानून घरी बसलेले दोन ट्रामवाले जुडानं पाहिले होते. न्यायाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला चार दिवस हवे होते.

पाहुणे घामाघूम होऊन मोटारीतून उतरले. गिदोनचा चेहरा पडला. पाहुण्यांनी जुडाचा रिकामा हात धरला.

"कामगारांच्या बससाठी हा माणूस मलाही थांबवतो! आणि असा माणूस हंगामी? आत्ताच्या आत्ता कायम करा!"

गिदोननं खिसे चाचपले. सकाळी आलेलं, न वाचता कोंबलेलं एक पत्र निघालं. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यानं लिहिलं: 'जुडा पेझारकर, बस-सिग्नलवर कायम.' पाहुण्यांनी सही ठोकली.

"आणि खटका सोडायचं?" जुडानं विचारलं.

गिदोननं दात खात आणखी एक ओळ लिहिली. मोटार गेली, मग संत्री गेली.

दुपारी जेवायला घरी आल्यावर जुडानं कागद मुलीला, शुलाला दिला. हिब्रू तीच सरसर वाची. तिनं मोठ्यानं वाचलं. तिच्या आईनं, सिपोरानं, पुन्हा वाचायला लावलं. मग शुलानं कागद उलटला. बस कंपनीनं कळवलं होतं, की या रविवारपासून बस मागच्या रस्त्यानं जाईल.