दोन नाण्यांची फट

"मी क्लच दाबला होता," नर्स तिसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदाही वर्कशॉपमध्ये कोणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

मोटरसायकल जेमतेम पाच आठवड्यांची. परवा दुपारी नर्स आईला मागे बसवून डोळे तपासायला निघाली होती. रस्ता तुंबलेला. अर्धा तास मुंगीच्या पावलांनी सरकत ती चौकात पोचली, थांबली, दिवा हिरवा व्हायला आला म्हणून क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला, आणि गाडी आपणहून पुढे झेपावली. समोर टेम्पो होता. नर्सला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

"ताई, नवी गाडी म्हटलं की घाई होते," मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले. "हात सुटला असेल. चांगल्या चांगल्यांचा सुटतो."

"दादाही तेच म्हणतो. हात सुटला म्हण आणि मोकळी हो." नर्सने डावा हात पुढे धरला. "तान्ह्या बाळाची शीर सापडते या हाताला. काल वॉर्डात सुई धरली तर थरथरायला लागला. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मला भरपाई नको, भांडण नको. एवढंच सांगा, सुटला होता की नव्हता? पाच वाजता येते."

ती गेली. मिस्त्रींनी पुसायच्या फडक्याला उगीचच हात पुसले.

हे सगळं बारकी ऐकत होती. बारकी म्हणजे मिस्त्रींची मुलगी. चौतिशी आली तरी वर्कशॉपमध्ये सगळ्यांची बारकीच. नऊ वर्षं ती बापाच्या हाताखाली होती आणि पहिल्या दिवशी त्यांनी घातलेला नियम तिने कधी मोडला नव्हता: फाटकाच्या आत मी मिस्त्री, बाबा घरी. नव्या गाड्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधीची शेवटची तपासणी आणि केबलची बांधणी मिस्त्रींच्या हातची. त्यांनी हात फिरवलेली गाडी परत येत नाही, हे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगत की शेवटी मिस्त्रींनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मालकांनी काचेच्या केबिनमधून मान बाहेर काढली. "तपासणीच्या कागदावर काय लिहायचं?"

"गाडीत दोष नाही," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तपासलं नाही असं कोणी म्हणू नये. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी केलं, इंजिन चालू करून क्लच दाबला आणि गिअर टाकला. क्लच दाबला की आतल्या प्लेटा सुटतात, इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो. चाक आळसावल्यासारखं थोडं फिरलं. मिस्त्रींनी बुटाच्या टोकाने ते थांबवलं आणि बारकीकडे बघितलं. बघ, असं तोंडाने म्हणायची गरज नव्हती.

बारकीने आपल्या परीने पुन्हा सगळं पाहिलं. ऑइल बरोबर होतं, मापात होतं. पडल्यामुळे क्लचचा लिव्हर वाकला नव्हता. केबल कुठे अडकत नव्हती. न्यूट्रल एका बोटाच्या दाबाने पडत होता. कागदावर आपलीही सही करून मोकळं व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तेच तिला खटकत होतं. नर्स म्हणाली होती अर्धा तास, गर्दीत. इथे गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली, आणि दोघांनी मिळून ती चार मिनिटं चालवली होती.

"मिस्त्री, मी जरा फिरवून आणते."

"कशाला? तासभर वाया."

"तासभरच."

मिस्त्रींनी खांदे उडवले. तीन वाजले होते.

तिने मुद्दाम बाजाराच्या चढाचा रस्ता धरला, जिथे या वेळेला ट्रक, हातगाड्या आणि शाळेच्या बस एकमेकांच्या उरावर बसलेल्या असतात. थांब, सरक, थांब, सरक. अर्धा क्लच, पूर्ण क्लच, पुन्हा अर्धा. पहिली दहा मिनिटं गाडी इतकी शहाण्यासारखी वागली की बारकीला हायसं वाटलं. मग न्यूट्रल सापडेना. पायाने दोनदा, तीनदा चाचपावं लागलं. मग गिअर टाकताना ठक असा आवाज यायला लागला. तिने क्लचचा लिव्हर हलवून पाहिला. सुरुवातीला तो जरासा सैल होता, सगळ्यांचा असतो. आता बोटाच्या पेरभर नुसताच हलत होता, केबल ओढली जायच्या आधी.

चढाच्या माथ्यावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. बारकी थांबली होती, पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबलेला. याहून जास्त दाबायला जागाच नव्हती. आणि गाडी पुढे झेपावू पाहत होती. ओढ लागलेल्या बैलासारखा रेटा देत होती. तिने दोन्ही ब्रेक जीव खाऊन आवळले. इंजिन घुसमटलं, गाडीला हिसका बसला, पुढचं चाक वीतभर पुढे गेलं आणि इंजिन बंद पडलं. बाई चमकून तिच्याकडे बघत राहिली.

"सॉरी," बारकी म्हणाली.

मागचे हॉर्न वाजत होते. वाजोत बापडे. तिने गाडी कडेला घेतली आणि लिव्हरच्या बुडाशी असलेल्या फटीकडे बघत राहिली. ती फट तिला ओळखीची होती, बापाचं अक्षर ओळखीचं असतं तशी.

क्लचच्या लिव्हरला थोडी फट ठेवतात, एका नाण्याच्या जाडीची. सगळे मिस्त्री तसंच करतात. बाबा दोन नाण्यांची ठेवत. तरुणपणी त्यांनी एका गाडीची केबल ताणून बांधली होती, प्लेटा जळाल्या, आणि त्यांच्या उस्तादाने चारचौघांत त्यांच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून शर्टाच्या खिशात झिजलेली दोन नाणी असत. क्लचला श्वास घ्यायला जागा हवी, असं ते म्हणत. जुन्या गाड्यांचा लिव्हर लांब ओढायचा, त्यात दोन नाणी खपून जात. हे मॉडेल नवीन होतं आणि त्याच्या लिव्हरची ओढ आखूड. गर्दीत प्लेटा तापून फुगल्या की फट आणखी वाढायची, आणि लिव्हर मुठीला टेकला तरी प्लेटा पुरत्या सुटायच्या नाहीत. गार झाली की गाडी पुन्हा साळसूद.

नर्सचा हात सुटला नव्हता.

गाडी गार होऊ द्यायची नव्हती. ती आली तशीच, थांबत-सरकत, परत निघाली. फाटकातून आत शिरली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. इंजिन तिने चालूच ठेवलं.

"मिस्त्री, लिव्हर बघा."

त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "प्लेटा बसल्या नाहीत अजून. हजारेक किलोमीटर झाले की आपोआप सुधारते. नव्या गाडीचं असंच असतं."

"तोवर किती जणींच्या आया पाडायच्या?"

वर्कशॉपमधला पाना-हातोड्याचा आवाज थांबला. असं मिस्त्रींना कोणी बोललं नव्हतं, मालकसुद्धा नाही.

"तू मला क्लच शिकवणार?" त्यांचा आवाज चढला. "तुझ्या जन्माआधीपासून बांधतोय मी. एक गाडी परत आली नाही."

"ही आली."

"ती बाई घाबरट आहे! हात सुटला तिचा!"

बारकीला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. तिने गाडी भिंतीसमोर नेली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली. पाठ भिंतीला, गुडघे मडगार्डला टेकलेले.

"बसा," ती म्हणाली. "क्लच दाबा आणि पहिला गिअर टाका. तुम्ही बांधलेला क्लच आहे. बरोबर असेल तर मला काही होणार नाही."

"वेडी झालीस का? बाजूला हो."

"बसा."

मालक केबिनच्या दारात आले होते. "अहो, काय चाललंय हे?"

मिस्त्री बसले. रागाच्या भरातच बसले. डाव्या हाताने लिव्हर ओढला. तो बराच वेळ नुसताच आला, मग केबल लागली, मग लगेच मूठ लागली. त्यांनी सोडला, पुन्हा ओढला. या खेपेला सावकाश. त्यांची बोटं काय सांगत होती ते बारकीला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. डावा पाय गिअरवर गेला. बूट दांड्यावर टेकला.

बारकीने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे मात्र फार वाटले.

इंजिन चालत होतं. बूट दांड्यावर तसाच होता. नुसता दाबायचा होता, दिवसातून पन्नासदा दाबतात तसा. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तरी पाय खाली गेला नाही.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"सरक तिथून," ते हळूच म्हणाले. ती सरकली. ते मात्र बराच वेळ गाडीवरून उतरलेच नाहीत.

नर्स पाचला पाच मिनिटं कमी असतानाच आली. मालक लगबगीने पुढे झाले, "या ताई, आमच्या मिस्त्रींनी नीट तपासलंय, गाडीत तसा काही..."

"दाबला होता," मिस्त्री म्हणाले. "ताई, तुम्ही क्लच दाबला होता. पूर्ण दाबला होता. आतल्या प्लेटा सुटल्या नाहीत, कारण मी तो चुकीचा बांधला होता."

नर्सने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, तो उजव्या हातात घेतला आणि खुर्ची शोधल्यासारखी मागे सरकली. बारकीने स्टूल पुढे केलं. बाई बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मालक केबिनमध्ये निघून गेले.

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आईला सांगाल? मी सांगितलं तर नाही पटायचं. तुमच्या तोंडून."

"चला," मिस्त्री म्हणाले. त्यांनी हात धुतले, घासून घासून धुतले, आणि खिशातून ती दोन नाणी काढून बाकावर ठेवली.

"बाबा," बारकी म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, फाटकाच्या आत. "मीही येते."

त्यांनी नियमाची आठवण करून दिली नाही. "नको. या मॉडेलच्या आणखी अकरा गाड्या गेल्यात माझ्या हातच्या. तू फोन कर."

मिस्त्री आणि नर्स फाटकाबाहेर पडले, चालतच. बारकीने डिलिव्हरीची वही उघडली आणि पहिला नंबर लावला. पलीकडून गाड्यांचा गोंगाट आला, हॉर्न आले, मग एक वैतागलेला आवाज, "बोला लवकर, ट्रॅफिकमध्ये अडकलोय."

"गाडी न्यूट्रलमध्ये आहे?" बारकीने विचारलं. "असू द्या तशीच. गिअर टाकू नका. आधी किल्ली काढा."