घंटी वाजली की बाजू बदल

इंग्रजीच्या बाईंनी चौथीच्या वर्गात फळ्यासमोर खडूने एक चौकोन आखला, तेव्हा मुलांना वाटलं, आता काहीतरी खेळ आहे. मुलांचं फारसं चुकलं नव्हतं. चौकोनात जो उभा राहील त्याने एक मिनिट इंग्रजीत वाद घालायचा, आणि प्रत्येक मुद्द्याला ‘बिकॉज’ लावून कारण द्यायचं. मिनिट झालं की टेबलावरची घंटी वाजणार, मग त्याच तोंडाने उलट बाजूने बोलायचं. दुसरी घंटी वाजली की गुपचूप जागेवर. पहिल्या बाजूला परत यायची सोय नाही.

आधी ही मुलं इंग्रजीत ‘येस मॅडम’ आणि ‘नो मॅडम’ एवढ्यावरच जगत होती. मांजर चांगलं की कुत्रा, यावर भांडायची परवानगी मिळाल्यावर मात्र त्यांना शब्द सुचायला लागले. व्याकरणाचे हातपाय मोडत का होईना, बोलायला लागली. बाईंना दुसरं काही नको होतं. शुक्रवारच्या या एका तासासाठी त्या आठवड्यातले बाकीचे सगळे तास सोसायच्या.

घोडं पेंड खायला लागलं ते वर्गातल्या ‘वकील’पायी. हे टोपणनाव पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीचं. तिचे वडील दाताचे डॉक्टर. दिवसभर तोंड उघडं टाकून बसलेल्या, पण उलटून एक शब्द न बोलणाऱ्या माणसांची त्यांना सवय. ते तणतणत मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खोलीत आले. इंग्रजीच्या बाईंनाही बोलावणं गेलं.

“गेल्या आठवड्यात मुलीला म्हटलं, नऊला झोपायचं,” डॉक्टर म्हणाले. “तर म्हणते, आय डिसअग्री. बरं, मी समजावून सांगितलं. तर हिने चमचा ग्लासवर वाजवला आणि म्हणाली, बाबा, आता माझ्या बाजूने बोला.”

“मग?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मग काय, बोललो.” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “इतकं मुद्देसूद बोललो की मलाच पटलं. आता ती दहाला झोपते.”

इंग्रजीच्या बाईंनी ओठ दाबून धरले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. वीस वर्षं त्यांनी शाळा अशी चालवली होती की त्यांच्या खोलीबाहेर मुंगीसुद्धा रांग सोडत नसे.

“शुक्रवारी मी तास बघायला येते,” त्या म्हणाल्या. “पसंत पडला नाही तर सोमवारपासून त्या जागी सुलेखन.”

मोठ्या बाईंना काय पसंत पडतं हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. इंग्रजीच्या बाईंना आधी रडू आलं, मग राग आला आणि शेवटी एक युक्ती सुचली. वकीलला त्या दिवशी बोलूच द्यायचं नाही. घंटी सांभाळणाऱ्याने तोंड उघडायचं नाही असा नियमच होता, तेव्हा घंटी तिच्याच हाती द्यायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतोय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारचा विषय होता, दप्तर असावं की नसावं. मोठ्या बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या आणि मुलांची दातखीळ बसली. एक जण चौकोनात आला, “बॅग इज गुड, बिकॉज... बॅग,” एवढं बोलून रडवेला झाला. दुसरीने छताकडे बघत मिनिट काढलं. झालं, संपलं, असं इंग्रजीच्या बाईंना वाटलं.

मोठ्या बाई उठल्या, वर्गापुढे आल्या आणि नेमक्या चौकोनात उभ्या राहिल्या. आपलं इंग्रजी ठणठणीत आहे हे त्या कुणाला विसरू देत नसत, म्हणून बोलल्याही इंग्रजीतच. “चिल्ड्रन, धिस पीरियड विल स्टॉप. बिकॉज यू आर आन्सरिंग बॅक युअर एल्डर्स. बिकॉज युअर हँडरायटिंग इज टेरिबल.” कारणांमागून कारणं येत राहिली.

टिंग.

वकीलची नजर घड्याळावर होती. ती एक अक्षर बोलली नाही, नियम होता. तिने फक्त बोटाने खाली दाखवलं. मोठ्या बाईंनी आपल्या पायांखालचा खडूचा चौकोन पाहिला. सगळी मुलं वाट बघत होती, कारण चौकोनात उभं राहून नियम मोडलेलं माणूस त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

इंग्रजीच्या बाईंनी मध्ये पडायला हवं होतं. त्या पडल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना मजा बघायची होती.

“धिस पीरियड शुड कंटिन्यू,” मोठ्या बाई कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून म्हणाल्या. “बिकॉज चिल्ड्रन लर्न इंग्लिश.” मुलं अजून बघतच होती. “बिकॉज...” आता त्यांचा आवाज बदलला. “ट्वेंटी इयर्स, नोबडी सेड नो टू मी इन धिस स्कूल. समटाइम्स आय वॉज राँग. नोबडी टोल्ड मी.”

टिंग.

बॅगवाल्या मुलाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मोठ्या बाईंनी टेबलावरची घंटी उचलली, पर्समध्ये टाकली आणि मागे न बघता निघून गेल्या. घंटीच गेली म्हणजे तासही गेला, असं धरून इंग्रजीच्या बाईंनी शनिवार-रविवार कुणाशी धड न बोलता काढला.

सोमवारी सूचनांच्या फळ्यावर नवं वेळापत्रक लागलं. शुक्रवारचा तास जागच्या जागी होता. इंग्रजीच्या बाईंनी ते तीनदा वाचलं. घंटीचा मात्र पत्ता नव्हता.

शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक बसली. मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी करायची, असं मोठ्या बाईंनी मांडलं. माना हलल्या. “उत्तम कल्पना आहे, बाई,” गणिताचे सर नेहमीसारखे म्हणाले. बारा वर्षांत ते याहून जास्त काही बोलले नव्हते.

मोठ्या बाईंनी पर्स उघडली, घंटी काढून टेबलावर ठेवली आणि वाजवली.

“सर,” त्या म्हणाल्या, “आता उलट बाजूने बोला.”

सर उभे राहिले आणि बोलायला लागले. दुसरी घंटी वाजली, तिसरी वाजली, तरी बसेनात.