चाळिसातली पहिली फेरी

चाळीस फेऱ्यांपैकी एकोणचाळीस वेळा गाडी थांबली होती. सुनेत्राचे लक्ष होते ते उरलेल्या एका फेरीवर, आणि ती नेमकी पहिली होती.

कोवलमच्या अलीकडे कंपनीची चाचणीची धावपट्टी होती. समोर माणूस आला की चालकाविना धावणाऱ्या गाडीने आपणहून ब्रेक लावायचा, एवढीच अपेक्षा. माणसाच्या जागी रबराचा पुतळा दोरीने ओढला जाई. कॅमेरा या चाचणीपुरता मुद्दाम बंद ठेवलेला. सारी भिस्त गाडीच्या पुढच्या बोधचिन्हामागे बसवलेल्या रडारवर. काल सकाळी पहिल्या फेरीत त्या रडारला पुतळा दिसलाच नव्हता.

आणि आज अकरा वाजता, अण्णा नगरच्या कचेरीतून येणाऱ्या पाहुण्यांसमोर, पुतळ्याऐवजी कार्यशाळेतला राघोत्तम गाडीसमोर चालणार होता.

"साडेसत्त्याण्णव टक्के," प्रकल्पप्रमुख सिद्धार्थ म्हणाला. तो मूळचा पुण्याचा. "बोर्डात एवढे मिळाले तर लोक पेढे वाटतात, सुनेत्रा."

"बोर्डात नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसू शकतो."

"एक चुकार नोंद आहे ती. सही कर."

चाचणीची निरीक्षक म्हणून सही तिचीच लागे, पण सुनेत्राने ती केली नाही. तिने कालपासून सारे तपासले होते: तारा, वीजदाब, सूर्याचा कोन, हवेतली आर्द्रता. तीच गाडी, तोच वेग, तोच पुतळा. कारण नसलेली चूक तिला मान्य नव्हती. चूक असते तेव्हा कारण असतेच. ते सापडत नाही इतकेच. साडेदहा वाजले होते आणि ते सापडलेले नव्हते.

ती बाहेर आली. राघोत्तम गाडीजवळ उभा होता. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातला, कार्यशाळेचा मुख्य मेस्त्री, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. घरची मराठी तो कित्येक पिढ्यांपूर्वीच्या वळणाने बोले. पुतळ्याला त्याने 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ असे नाव ठेवले होते.

"राघोत्तमकाका, तुम्ही नका चालू. मी सांगते सिद्धार्थला."

"कां बाई? रबराच्या पोरास पाहून कोण विश्वास ठेवील? गाडी मी जोडिली. मीच तिजसमोर चाललों नाहीं तर लोक काय म्हणतील?"

"पहिल्या फेरीत ती थांबली नव्हती."

"मग एकोणचाळीस वेळां थांबली की! तंबीने मार खाल्ला, गाडी शहाणी झाली."

तो हसला. त्याने वाटीतले ओले चंदन उचलले आणि बोधचिन्हावर जाडसर थापले. मधोमध कुंकवाचा ठिपका ठेवला.

"हे काय?"

"आज विजयादशमी. पाहुणे येतात. काल आयुधपूजेंत लाविलें, तसेंच."

सुनेत्रा जागीच थांबली. काल खंडेनवमीला सगळी कार्यशाळा अवजारांच्या पूजेला जमली होती. ती मात्र तत्त्व म्हणून खोलीत लॅपटॉपपाशी बसून राहिली होती.

"काल कधी लावलं?"

"पूजेस. लगेच मग पहिली फेरी झाली."

"आणि पुसलं कधी?"

"पुसायचें कशास? उन्हांत वाळलें, गाडी धांवतां धांवतां गळून पडलें."

रडारची लहर अडवायला पाण्याचा मिलिमीटरभर थरही पुरतो. ओले चंदन म्हणजे पाणीच, गंधासह. पहिल्या फेरीनंतर ऊन चढत गेले होते.

फाटकातून दोन मोटारी आत शिरल्या. सिद्धार्थ छत्री घेऊन धावला.

"राघोत्तमकाका, चंदन राहू द्या. पण आधी तंबी चालेल."

"बाई, पाहुणे उतरले!"

"त्यांनाही पाहू द्या."

सिद्धार्थने लांबून हातवारे केले. सुनेत्राने ते पाहिले आणि बटण दाबले.

गाडी सुटली. तंबी दोरीवर डुलत रस्त्यात आला. तीस मीटर, वीस, दहा. सुनेत्रा ब्रेकच्या आवाजाची वाट पाहत होती. आपले अनुमान चुकावे असे तिला आयुष्यात प्रथमच वाटत होते.

ब्रेक लागला नाही. पोकळ आवाज झाला. तंबी बॉनेटवरून उडाला आणि पाहुण्यांपासून चार पावलांवर तोंडघशी पडला.

राघोत्तम सावकाश चालत गेला, तंबीला उचलून उभे केले आणि त्याच्या दबलेल्या छातीवर हात फिरवला. मग गाडीशी येऊन त्याने खांद्यावरच्या पंच्याने बोधचिन्ह पुसले. एकदा कोरड्या टोकाने, एकदा ओल्या.

"आतां चालूं?" त्याने हळूच विचारले.

"नाही. तंबीच चालेल."

"किती वेळां?"

"चाळीस."

"आणि पाहुणे?"

"सिद्धार्थला सांगा, त्यांना जेवायला ने म्हणावं."

सुनेत्राने वही उघडली. पहिल्या फेरीसमोर तिने लिहिले: 'कारण: रडारवर ओले चंदन. उशिरा कळण्याचे कारण: निरीक्षक पूजेला अनुपस्थित.' खाली सही केली.

मान वर केली तेव्हा राघोत्तम वाटीत उरलेले चंदन तंबीच्या कपाळावर लावत होता. तिने रडारपासूनचे अंतर मनात मोजले. पुतळ्याच्या कपाळावरच्या चंदनाने रडारला काही फरक पडत नव्हता.

"थोडं जाड लावा," ती म्हणाली.