तीन मिनिटांचा माईक

मी एक जुना माईक आहे, आणि मी आयुष्यभर लोकांची थुंकी झेलली आहे. मित्रांनो, हे वाक्य वाचून तुम्ही नाक मुरडाल, पण मी खोटं बोलत नाही. नगरपरिषदेच्या सभागृहात सव्वीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाची थोरवी मला त्याच्या तुषारांवरून कळू लागली. जितका माणूस मोठा, तितकं बोलणं लांब, आणि तितकी माझी जाळी ओली.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. केसापेक्षा बारीक तांब्याची तार एका बाईने भिंगातून बघत माझ्या पोटात गुंडाळली. काम झाल्यावर तिने मला ओठांपाशी धरलं आणि म्हणाली, "ऐकू येतंय का?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "येतंय." इतका थोडक्यात आटोपलेला संवाद त्यानंतर माझ्या वाट्याला क्वचितच आला.

सुरुवातीला माझी जागा थेट अध्यक्षांच्या टेबलावर होती. माझं कौतुकही फार झालं. "काय खणखणीत आवाज आहे!" असं सगळे म्हणत. ते कौतुक माझं होतं, पण मान अध्यक्ष डोलवत. त्यांना प्रत्येक वाक्याची सुरुवात 'त्या अनुषंगाने' अशी करायची सवय होती. कशाच्या अनुषंगाने, ते त्यांना कोणी विचारलं नाही. रस्त्याकडेच्या कुंड्यांची उंची किती असावी, यावर मी सलग चार सभा ऐकल्या. पाचव्या सभेत कळलं की शहरात कुंड्याच नाहीत. मग कुंड्या घ्याव्यात का, यावर चर्चा सुरू झाली.

अकरा वर्षांनी वाकड्या मानेचा एक नवा माईक आला. त्याला लाल दिवा होता. अध्यक्षांना तो दिवा फार आवडला आणि मला खाली, 'नागरिकांसाठी' अशी पाटी लावलेल्या स्टँडवर हलवण्यात आलं. स्टँडची पकड सैल होती, म्हणून शिपायाने मला दोन रबर गुंडाळून बसवलं. माझं बटण मात्र कारकुनाच्या टेबलाखाली होतं. नागरिकाने तीन मिनिटं बोलायचं. तिसरं मिनिट संपलं की कारकून घंटी वाजवी आणि बटण दाबी.

नागरिकांबद्दल माझं मत चांगलं झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. निम्मे लोक 'हॅलो, हॅलो' करत माझ्या डोक्यावर टिचक्या मारण्यातच एक मिनिट घालवत. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलायला येत आणि राजधानीतल्या सरकारला शिव्या देऊन जात. दुसरे सरकारची तारीफ करायला येत आणि जाता जाता शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या देत. त्या दोघांचा कुत्रा एकच होता. मला दोघांचीही सारखीच कीव येई.

अशा त्या सभागृहात एके दिवशी टेलरबाई आल्या. बस थांब्यासमोर त्यांचं छोटं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं अशी कामं त्या करत. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. टाचण्या तोंडात धरायच्या सवयीमुळे त्या ओठ फारसे न उघडता, हळू आणि घोगऱ्या आवाजात बोलत. 'ही बाई माझ्यावाचून एक शब्दही पोचवू शकणार नाही,' असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्यात मला थोडी गंमतही वाटली.

पहिल्या दिवशी त्या ओल्या कपड्यांच्या उपनियमावर बोलल्या. "गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, असा नियम केलात. मग तुमचे सदरे कुठे वाळतात? की तुम्ही ओलेच घालता?" मग त्या दर महिन्याला येऊ लागल्या. दुकानाबाहेर खुर्ची ठेवू नये, हा उपनियम त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, की म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पँट शिवून होईपर्यंत काय जमिनीवर बसायचं? एकदा त्या देशाच्या राजकारणावर घसरल्या.

"दोन्ही पक्ष म्हणतात, आम्ही सामान्य माणसाचे. हा सामान्य माणूस कोण आहे, त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. मी त्याची मापं घेते. म्हणजे निदान तो आहे की नाही ते तरी कळेल."

कारकून म्हणाला, "बाई, राष्ट्रीय विषय इथे नकोत."

"मग राष्ट्र कुठून सुरू होतं ते सांगा, म्हणजे तिथे जाऊन बोलते."

लोक हसले. मीही मनातल्या मनात म्हटलं, आणखी एक बोलघेवडी. हसवून जाणारे मी पुष्कळ पाहिले होते.

पण पुढच्या सभेत त्या कुणाला हसवायला आल्या नव्हत्या. झालं होतं असं, की नगरपरिषदेने मुख्य रस्त्यावर नक्षीदार फरश्या बसवल्या होत्या. फरश्या नाजूक, म्हणून बसना तिथे बंदी आली. चौदा नंबरची बस बाहेरच्या रस्त्याने वळवली गेली आणि थांबा गोदामाच्या पलीकडे गेला. टेलरबाईंची थोरली बहीण, अक्का, त्यांच्याकडेच राहत होती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊच्या ठोक्याला, तिला डायलिसिससाठी रुग्णालयात पोचावं लागे, आणि तिथे जाणारी बस एकच होती, चौदा नंबर.

"मंगळवारी अक्का वाटेत फुटपाथवर बसली," टेलरबाई म्हणाल्या, "आणि मला म्हणाली, तू पुढे हो. कुठे पुढे होऊ मी? रुग्णालयातला नऊचा नंबर तिचा होता. आमची बस गेली, नंबरही गेला. संध्याकाळपर्यंत तिचे पाय असे सुजले, की चपला..."

घंटी वाजली. कारकुनाने बटण दाबलं आणि मी मुका झालो. त्या तशाच निघून गेल्या.

त्या महिन्यात नगरपरिषदेच्या अभियंत्याचा अहवाल आला. नवा थांबा साडेतीनशे मीटरवर, पायी चार मिनिटं. जुन्या थांब्यावर दिवसाला प्रवासी फक्त बारा. पुढच्या सभेत अध्यक्षांनी तो लाल दिव्याच्या माईकवर असा वाचला, जणू काही कविता म्हणत होते. वर म्हणाले, "त्या अनुषंगाने, देश आज वेगाने पुढे चालला आहे. आपणही चार पावलं चालायला शिकलं पाहिजे."

टेलरबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गुडघ्यांवर साडीला धूळ लागली होती. हातात एक वही होती.

"देश पुढे गेला असेल," त्या म्हणाल्या, "पण आमच्या थांब्यावर थांबला नाही. ही बारा माणसं तुम्ही रविवारी मोजलीत. रविवारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. माझं दुकान थांब्यासमोर आहे. बस वळवायच्या आधीच्या आठवड्यात कोण चढलं, कोण उतरलं, ते रोजच्या रोज लिहिलेलं आहे. गुरुवारी एकशे चाळीस. आणि तुमचं अंतर चूक आहे. ते अकराशे सत्तर मीटर आहे."

"कशाने मोजलंत?" अध्यक्षांनी हसून विचारलं.

"या पट्टीने."

"या? ही तर दीड मीटरची आहे."

"म्हणून सातशे ऐंशी वेळा रस्त्यावर ठेवावी लागली. दोन सकाळी लागल्या. मी पट्टी ठेवायची, खडूने रेघ मारायची, उठायचं, पुन्हा वाकायचं. लोकांना वाटलं, माझं काहीतरी हरवलंय."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मला त्या गुडघ्यांवरच्या धुळीचा अर्थ तेव्हा कळला. एवढ्यात घंटी वाजली. बटण दाबलं गेलं. मी पुन्हा मुका.

पण या वेळी टेलरबाई हलल्या नाहीत. त्या बोलतच राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि डोक्यावरच्या पंख्यांच्या घरघरीत शब्द विरून जात होते. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दाराशी बसलेला शिपाई उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने सगळे पंखे बंद केले.

"पंखे कोणी बंद केले? लावा ते!" अध्यक्ष ओरडले.

"बटण सापडत नाही, साहेब," शिपाई बटणावर हात ठेवून म्हणाला.

सभागृह शांत झालं. मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे आली. तो घोगरा, दबका आवाज माझ्या मदतीशिवाय शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला. मित्रांनो, आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, ती त्या दिवशी माझ्या हातून गेली. मला लाज वाटली, पण कान देऊन ऐकावंसं वाटण्याचीही ती पहिलीच वेळ होती.

"अभियंतासाहेब, तुम्ही हे अंतर चालून पाहिलंत?" टेलरबाईंनी विचारलं.

अभियंत्याने खाली मान घातली. "नकाशावर मोजलं. सरळ रेषेत."

"सरळ रेषेत गोदामाची भिंत आहे. अक्काने काय तिच्यावरून उडी मारायची?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, शिवणाच्या पट्टीवर आम्ही शहराचे निर्णय घ्यायचे का?"

"साहेब, निवडून आलात तेव्हा तुमचा कोट मी याच पट्टीने सैल करून दिला होता. तेव्हा तुम्ही पट्टीवर शंका घेतली नाहीत."

हशा इतका मोठा झाला, की डुलक्या घेणारे एक सदस्य जागे झाले. हे सदस्य सात वर्षांत एकदाही बोलले नव्हते. त्यांनी शेजाऱ्याला विषय विचारला, वही मागवून पाहिली, आणि म्हणाले, "माझी आईसुद्धा चौदा नंबरनेच जायची. मतदान घ्या." मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. फरश्या फुटल्या तर फुटू देत, पण बस जुन्या रस्त्यानेच जाईल, असं ठरलं.

आता तुम्हाला वाटेल, अध्यक्ष खजील झाले असतील. छे! त्यांनी उद्घाटन ठेवलं. जी बस त्यांनी स्वतः हलवली होती, तिचं उद्घाटन. लाल दिव्याच्या माईकने ऐन वेळी मान टाकली, म्हणून मला रबरांसकट उचलून थांब्यावर नेलं. रस्त्यावर आडवी फीत बांधली होती. फितीमागे चौदा नंबर उभी होती, आणि तिच्यात टेलरबाई आणि अक्का आधीच बसल्या होत्या. अक्काला मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरा फटक चेहरा, मांडीवर औषधांची पिशवी, आणि नजर बसमधल्या घड्याळावर.

"माझ्या कल्पनेतून साकारलेली ही सेवा..." अध्यक्षांनी सुरुवात केली. पंधरा मिनिटं गेली. त्यांनी शहर संपवून देश हाती घेतला. पावणेनऊ वाजले. बसच्या पुढच्या खिडकीतून बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"ड्रायव्हरदादा, नऊचा नंबर आहे हो."

"भाषण चाललंय, बाई."

"भाषणाला थांबता येतं. हिला नाही."

ड्रायव्हरने आरशातून मागे अक्काकडे पाहिलं. मग त्याने गाडी सुरू केली. फीत ताणली गेली, तुटली आणि काचेवर फडफडत बसबरोबर गेली. अध्यक्षांच्या तोंडी तेव्हा 'देशाच्या वाटचालीत' हे शब्द होते. जमलेल्या सगळ्यांच्या माना बसबरोबर वळल्या. ते मात्र रिकाम्या रस्त्याकडे बघत आणखी दहा मिनिटं बोलले. अक्का वेळेत पोचली, असं नंतर शिपायाने कारकुनाला सांगितलेलं मी ऐकलं.

आता मी अडगळीच्या कपाटात आहे. जाळीला गंज चढला आहे, वायरला पीळ पडला आहे. मित्रांनो, माझ्या जातीच्या कोणाशी तुमची गाठ पडली तर त्याला टिचक्या मारू नका, त्याची जाळी कोरड्या फडक्याने पुसा, वायर ओढून काढू नका. आणि काही सांगायचं असेल तरच त्याच्यापुढे उभे राहा. सांगून झालं, की बाजूला व्हा. मागे कोणीतरी उभं असतं.