रक्ताच्या लोखंडाले कुंकू नाही

कळमन्याच्या मार्केटात माहे तीस वर्षं पोते उचलण्यात गेले. हमालाच्या हातात लोखंडी आकडा असते, पोत्यात घुसवून ओढाले. त्याच आकड्यानं माह्या पोरानं, ऋषीनं, हमालाइच्या दुसऱ्या टोळीतल्या अश्विनचा खांदा फाडला. भांडण काय, त सोयाबीनचा ट्रक पहिले कोनं खाली कराचा! अश्विन धंतोलीच्या दवाखान्यात पडला. ऋषी जमानतीवर सुटून आला, त तिकडून निरोप, "दसऱ्याची पूजा होऊ दे, मंग पाहतो तुले."

माही बायको जिजाबाई तिथंच धान्य चाळते. चाळणी मोठी, दोन टोकाले दोघी लागते. दुसऱ्या टोकाले अश्विनची माय, शोभाताई. महिनाभर दोघीत शब्द नाही, पन चाळणी हलतच राहिली. एक दिवस काय बोलल्या, मले आजही मालूम नाही.

दसऱ्याले शेडमध्ये दोन टोळ्याइचे आकडे पूजेले मांडले, दोन ढीग. हळद-कुंकू बायांनी लावाचं, अशी रीत. जिजानं थाळी खाली ठेवली अन् आमच्या ढिगासमोर पोतं टाकून बसली. शोभाताई तिकडच्या ढिगासमोर. मागं चाळणीवरच्या चाळीस बाया.

"अवं ऊठ, मुहूर्त चालला!" मी वरडलो.

"जाऊ द्या. माणसाचं रक्त लागलेल्या लोखंडाले मी कुंकू नाही लावत."

तिकडच्या टोळीचा मुकादम बापूजी हासला. "बाई, तुमचं काम खडे निवडाचं."

"तेच करून राहिलो न, बापूजी. तुम्ही जरा बाजूले व्हा, नाही त निवडल्या जासान."

बाया खदखदल्या. जिजानं लाकडाची पेटी पुढं सरकवली. "आजपासून आकडे यात, चावी आमच्यापाशी. ट्रक आला का घ्या, खाली झाला का जमा करा. नाही त एक दाना चाळत नाही." बिन चाळल्या मालाले बोली लागत नाही, हे साऱ्याइले मालूम.

बापूजी म्हणे, "पहिले तुह्या पोराचा टाक."

ऋषीचा आकडा ढिगात नव्हताच. कमरेले खोसून उभा होता, जिवाच्या भेवानं.

"ऋष्या, काढ. शोभाताईच्या हातात दे."

पोरगं गेलं, मान खाली घालून आकडा तिच्यापुढं धरला. शोभाताईनं घेतला. ऋषीकडं पाहत राहिली, पाहत राहिली. मंग पेटीत टाकला अन् मागं वळली.

"बापूजी, आता तुमचा."

बापूजीनं टाकला. मंग साऱ्याइनं टाकले. खणखण आवाज नुसता!

दुसऱ्या दिवशी ट्रक लागला. मी पेटीपुढं लाइनीत.

"नाव सांगा," जिजा म्हणे.

"अवं, नवरा हाओ तुहा!"

"नवरा घरी. इथं नाव."

मागून पोट्टे हासून राहिले. मी छाती काढून सांगतलं, "मनोहर. जिजाबाईचा नवरा."